करमाडच्या रायफलीचा पेचकस

औरंगपुऱ्यातल्या एका बोळात, रामकिसनच्या कापडदुकानाला खेटून, करीम मिस्त्रींचं बंदुका दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे आठ बाय दहाची जागा. पुढे कामाची फळी, मागे लोखंडी कपाट आणि भिंतीवर एक शिसवी पाट. त्या पाटावर सदतीस पेचकस ओळीनं टांगलेले असत. एखादा नवा माणूस सहज विचारायचा, "मिस्त्री, पेच फिरवायला एवढे कशाला लागतात हो?" तेव्हा मिस्त्री चष्म्यावरून त्याच्याकडे असं बघत की, आपण बायकामाणसांसमोर काहीतरी वावगं बोललो की काय, असं त्या बिचाऱ्याला वाटून जाई.

मग ते समजावून सांगत. समजावून कसले, झाडतच. बाजारातला पेचकस टोकाकडे निमुळता असतो. तो खाचेच्या तळाला पोचतच नाही, वरच्या कडांवर नुसता टेकतो. जोर लावला की घसरतो आणि खाचेचे ओठ फाटतात. घराच्या दाराला, शिवणयंत्राला चालतं ते. बंदुकीला नाही चालत. फाटक्या ओठांचा पेच बंदुकीवर दिसला की मालकाची आणि मिस्त्रीची, दोघांचीही अब्रू गेली असं त्यांच्या अब्बांनी त्यांना शिकवलं होतं, आणि अब्बांनी शिकवलेलं मिस्त्रींनी कधी तपासून पाहिलं नव्हतं. म्हणून ते प्रत्येक बंदुकीचा पेचकस वेगळा घडवत. जुन्या कानशीचं पोलाद घ्यायचं, तापवायचं, ठोकायचं, दोन्ही बाजू अगदी सरळ घासायच्या, मग पाणी द्यायचं. टोक दिव्यावर धरून काजळी चढवायची, खाचेत घालून बघायचं. जिथली काजळी पुसली तिथं अडतंय. पुन्हा घासायचं, पुन्हा काळं करायचं. असं दहा वेळा, वीस वेळा. शेवटी पेचकस खाचेत बसवून बंदूक उलटी धरायची. पेचकस खाली पडला नाही, तर काम झालं.

हे सदतीस पेचकस म्हणजे एके काळी सदतीस घरं होती. पोलीस ॲक्शन झाली त्या साली सगळ्या बंदुका सरकारजमा झाल्या. जहागीरदारांची, मनसबदारांची घरं एकेक करून उठली. कुणी हैदराबादला गेलं, कुणी कराचीला. मिस्त्रींचे थोरले भाऊ हबीब तेही गेले, आणि जाताना भाता, साण आणि अब्बांची चांगली चांगली हत्यारं घेऊन गेले. करीम मिस्त्री राहिले. का राहिले असं कुणी विचारलं तर म्हणत, "दुकानाची किल्ली माझ्या खिशात व्हती." ज्यांच्या बंदुका गेल्या त्यांचे पेचकस पाटावर तसेच टांगलेले राहिले. मिस्त्री दर शुक्रवारी नमाजाहून आल्यावर सगळ्यांना तेलाचा हात लावत. कुणाच्या कधी उपयोगी पडणार नाहीत हे त्यांनाही कळत होतं. पण बाकीच्यांना तेल लावायचं आणि यांना वगळायचं, हे त्यांना जमत नव्हतं.

त्या पाटावर उजव्या हाताला सगळ्यांत शेवटी एक जरा रुंद पात्याचा, बोरीच्या मुठीचा पेचकस होता. मुठीवर उर्दूत कोरलं होतं, करमाड.

करमाडचे तात्यासाहेब म्हणजे जालना रोडवरचे चांगले दीडशे एकरवाले. अंगानं आडवे, मिशा पांढऱ्या, बोलणं अगदी मोजकं. मिस्त्रींची आणि त्यांची गाठ पडली ती बंदुकीमुळे नव्हे, तेलावरच्या इंजिनामुळे. एकोणपन्नास साल. बंदुकीचं काम बंद, दुकानाला कुलूप, मिस्त्री स्टोव्ह आणि कुलपं दुरुस्त करून पोट भरत होते. तात्यासाहेबांच्या विहिरीवरचं इंजिन बंद पडलं. पण त्या दिवसांत करमाडच्या रस्त्यानं एकट्यानं जायची करीम मिस्त्रींची छाती नव्हती. जाणाऱ्या माणसाचं नाव काय, ह्यावर तो घरी परत येतो की नाही हे ठरत होतं. तेव्हा तात्यासाहेब स्वतः बैलगाडी घेऊन आले, मिस्त्रींना शेजारी बसवून घेऊन गेले, इंजिन चालू झाल्यावर तसेच परत आणून सोडलं. जाताना, येताना, रस्त्यात कुणी काही बोललं नाही. नंतरही त्या दिवसाचा विषय दोघांत कधी निघाला नाही. पण मिस्त्रींच्या बायकोनं, मेहरुन्निसानं, तो दिवस कधी विसरू दिला नाही.

पुढे परवाने पुन्हा मिळू लागले, दुकान उघडलं. एकोणसाठ साली तात्यासाहेबांनी एका निघून गेलेल्या जहागीरदाराच्या कारभाऱ्याकडून जर्मन रायफल घेतली, वर दुर्बीण बसवलेली. शिकारीचा त्यांना तसा शौक नव्हता. एकदा रानडुकरावर झाडली, ते डुक्कर शेजाऱ्याच्या ज्वारीत जाऊन मेलं आणि ज्वारीच्या नुकसानीपायी वर्षभर बोलणी खावी लागली. तेव्हापासून ते गच्चीवर बसत आणि दुर्बिणीतून शेतातले गडी काम करतायत की बाभळीखाली झोपलेत ते बघत. पण दुर्बीण रायफलीवर ज्या बैठकीत बसते, तिचे दोन मोठ्या डोक्याचे पेच जुन्या मालकाकडे कुणीतरी पार खाऊन टाकले होते. मिस्त्रींनी नवे पेच घडवले, त्यांना रुंद खाच पाडली आणि त्या खाचेसाठी तीन दिवस खपून पेचकस केला. रायफल उलटी धरून त्यांनी तो तात्यासाहेबांना दाखवला. पेचकस खाचेत अडकून राहिला, हलला नाही. तात्यासाहेब म्हणाले, "आता ह्याला तुमच्याबिगर हात लावायचा नाय कुणी." मिस्त्रींनी हे वाक्य मनात ठेवलं, आणि तिथंच पुढचा घोळ झाला.

दरसाल खंडेनवमीला घरातल्या शस्त्रांची पूजा असते. त्याच्या आदल्या आठवड्यात तात्यासाहेब रायफल घोंगडीत गुंडाळून, परवाना कोटाच्या खिशात ठेवून, यष्टीनं औरंगाबादला येत. दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला की म्हणत, "क्या मिस्त्री, खैरियत?" मिस्त्री म्हणत, "आपकी दुआ." मग तात्यासाहेब सांगत, "पेच जरा ढिले झालेत बघा." दुर्बीण उतरायची, पुसायची, तेल द्यायचं, पेच आवळायचे. काम तासाभराचं, पण तात्यासाहेब संध्याकाळच्या यष्टीपर्यंत बसून राहत. त्यांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतलं. मिस्त्रींची नजर अधू व्हायला लागल्यापासून उर्दू अखबार तेच मोठ्यानं वाचून दाखवत, आणि एखाद्या शब्दावरून दोघांत तासभर हुज्जत चाले. नवरात्राचे दिवस असल्यानं त्यांचा उपास. त्यांच्यासमोर एकट्यानं जेवायचं मिस्त्रींना प्रशस्त वाटेना, म्हणून त्या दिवशी त्यांचाही उपास. तात्यासाहेब पिशवीतून केळी आणत, मेहरुन्निसा घरून दूध आणि खजूर पाठवी. पुढे बहात्तरला शिकारबंदीचा कायदा आला. रायफल झाडण्याचा प्रश्नच मिटला. पण तात्यासाहेब येतच राहिले आणि पेच ढिले होतच राहिले.

मिस्त्रींनी एकदा घरी बोलूनही दाखवलं होतं, "रायफल वर्षभर खुंटीला टांगलेली असते. पेच ढिले व्हतात कसे, समजत नाय." मेहरुन्निसा खजुरातल्या बिया काढत बसली होती. ती हसली आणि म्हणाली, "येतात ना? मग झालं." मिस्त्रींना त्यातलं काही कळलं नाही. लोखंडातलं त्यांना सगळं कळे, त्यापलीकडचं मेहरुन्निसा बघून घेई.

सत्त्याहत्तर साली ती गेली. एकुलती मुलगी शमशाद हैदराबादला दिलेली, तिचं ईदला पत्र येई. दुकानात कामही उरलं नव्हतं. निवडणूक आली की चार बंदुका जमा व्हायच्या, निवडणूक झाली की परत जायच्या. मिस्त्री सकाळी दुकान उघडत, फळी पुसत आणि बसून राहत. कधी कधी सबंध दिवसात त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे, आणि संध्याकाळी रामकिसनला काही सांगायला गेले की आवाज आधी घशातच अडके. वर्षाचा एक दिवस तेवढा राहिला होता. नवरात्र कधी बसतं हे मिस्त्रींना त्या बोळातल्या हिंदूंच्या आधी ठाऊक असे.

आणि तोच दिवस त्यांनी आपल्या हातानं घालवला.

ऐंशी सालची गोष्ट. तात्यासाहेब नेहमीसारखे आले, खैरियत विचारून झाली, रायफल फळीवर आली. मिस्त्रींनी त्या वर्षीच नवं भिंग घेतलं होतं. ते डोळ्याला लावून त्यांनी पेचाकडे पाहिलं. खाचेच्या कडेवर दोन तिरके ओरखडे होते आणि एका ठिकाणी ओठ उचललेला होता. दुसऱ्या पेचावरही तेच. नीट पाहिलं तर ताज्या ओरखड्यांखाली जुने ओरखडे होते. म्हणजे हे एका वर्षाचं नव्हतं.

"तात्यासाहेब, याला कुणाचा हात लागला?"

"कुणाचा नाय."

"चाळीस वर्सं हेच बघतोय मी. परकं हत्यार घातलंय याच्यात. जालन्याला कुणी नवा मिस्त्री बसलाय म्हनतात, त्याच्याकडं गेला व्हता का?"

"नाय गेलो."

"मग पेच काय आपोआप फिरला?"

तात्यासाहेब अखबाराची घडी घालू लागले. त्यांचे कान लाल झाले होते. "आसंल काहीतरी," ते म्हणाले. "तुमी आवळून द्या."

खरं तर एवढ्यावर कुणीही शहाणा माणूस थांबला असता. पण मिस्त्रींनी डोक्यात राख घालून घेतली होती. त्यांना वाटलं, वीस वर्षं ज्याच्यासाठी आपण जीव ओतला, तो माणूस आपली नजर अधू झालेली बघून दुसऱ्याकडे जातो, वर आपल्यासमोर बसून नाही म्हणतो. काम अर्धवट टाकायचं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी कडा घासून सारख्या केल्या, पेच आवळले, रायफल पुसली. आणि देताना म्हणाले, "दुसऱ्यानं बिघडवायचं अन् मी निस्तरायचं, हे माझ्याच्यानं हुणार नाय. पुढच्या साली त्यालाच दाखवा."

तात्यासाहेबांनी घोंगडी गुंडाळली. "बरंय, मिस्त्री," एवढंच म्हणाले आणि पायरी उतरले. दुपारचे बारादेखील वाजले नव्हते. केळ्यांची पिशवी फळीवरच राहिली. मिस्त्रींनी ती केळी खाल्ली नाहीत, टाकलीही नाहीत. चार दिवसांनी ती काळी पडून चिलटं घोंगावू लागली, तेव्हा रामकिसनच उचलून बाहेर टाकून आला.

राग आठ दिवसांत उतरला. मिस्त्रींचा राग असाच होता, दुधासारखा उतू जायचा आणि खाली बसायचा. पण शब्द गेलेला होता. पुढच्या नवरात्रात त्यांनी स्वतः केळी आणून ठेवली. जालन्याकडच्या यष्टीची वेळ झाली की ते चष्मा पुसून बोळाच्या तोंडाकडे बघत. पहिला दिवस गेला, तिसरा गेला, आठवा गेला. खंडेनवमी झाली, दसरा झाला. बाजारात आलेल्या एका करमाडच्या माणसाला त्यांनी आडून आडून विचारलं, "तात्यासाहेब बरे हायेत ना?" तो म्हणाला, "बरे हायेत की." मिस्त्रींना ते ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण उलट झोंबलं. आजारी नाहीत, मग आले का नाहीत? म्हणजे जालन्याचाच मिस्त्री. त्याच्या पुढच्या सालीही तेच झालं. मिस्त्रींनी मनाशी धरलं की, ते दार आता बंद झालं. शुक्रवारी तेल लावताना ते बोरीच्या मुठीपर्यंत आले की हात जरा रेंगाळे. आता हाही बाकीच्या छत्तिसांमध्ये जमा, असं त्यांना वाटे.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत, मकरसंक्रांत झाल्यावर, एका सकाळी बोळाच्या तोंडाशी जीप थांबली. पँटशर्ट घातलेला, चाळिशीचा एक माणूस रायफल घेऊन आला. मागून डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी हळूहळू आली आणि पायरीवर बसली. मिस्त्रींनी रायफल ओळखली, माणसाला ओळखलं नाही.

"मी तात्यासाहेबांचा मुलगा," तो माणूस म्हणाला. "पुण्याला असतो. वडिलांना घेऊन गेलोय गेल्या महिन्यात. एकट्यानं राहण्यासारखी तब्येत नाही आता त्यांची, गुडघे गेलेत. रायफल तुमच्याकडे जमा ठेवायची आहे. हा कलेक्टर कचेरीचा कागद."

मिस्त्रींनी कागद घेतला, वही उघडली, नोंद केली. मुलानं पुण्याचा पत्ता लिहून सही केली. "मी तासाभरात तहसीलचं काम उरकून येतो. दगडाबाईंना तेवढं बसू द्या इथं. तीस वर्षं आमच्याकडे स्वयंपाकाला होत्या. त्यांना बिडकीनला त्यांच्या लेकीकडे सोडायचंय." आणि तो गेलासुद्धा. 'वडील तुमची आठवण काढतात' असं काहीतरी तो म्हणेल म्हणून मिस्त्री पेन हातात धरून थांबले होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

जमा झालेली बंदूक तपासून ठेवायची हा दुकानाचा रिवाज होता. मिस्त्रींनी दुर्बीण हलवून पाहिली. हलत होती. दोन्ही पेच ढिले. जुना राग पुन्हा नाकाशी आला. बघू तरी जालन्याच्या मिस्त्रीनं काय दिवे लावलेत, असं पुटपुटत त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

एकही ओरखडा नव्हता. आपण सव्वादोन वर्षांपूर्वी घासून सारख्या केलेल्या कडा जशाच्या तशा होत्या. फक्त खाचेच्या तळाला लालसर झाक होती, तांब्याची. मिस्त्री बराच वेळ बघत राहिले. पेच तर फिरवलेला आहे. ज्यानं फिरवला त्याचं हत्यार तळापर्यंत पोचलं होतं आणि कडांना जराही लागलं नव्हतं. असं काम औरंगाबादेत करू शकेल असा एकच माणूस त्यांना माहीत होता, आणि तो ह्या फळीमागे बसला होता. पण तांब्याचा पेचकस कोण करतो? त्यांनी बोरीच्या मुठीचा पेचकस काढला, सवयीनं दोन्ही पेच आवळले आणि रायफल कपाटाशी टेकवून ठेवली. मनात म्हणाले, आहे कुणीतरी आपल्यापेक्षा वरचढ. आता तात्यासाहेबांना तरी दोष कशाला द्यायचा.

"मिस्त्री तुमीच नव्हं?" पायरीवरून दगडाबाई म्हणाली.

"व्हय. चहा सांगू का?"

"चा नगं. मालकानं जाताना हे दिलंय तुमच्यासाठी." तिनं कनवटीची गाठ सोडून एक नाणं काढलं आणि फळीवर ठेवलं. "काय सांगायचं ते सांगितलं नाय. नुसतं म्हनले, मिस्त्रीला दे."

निजामाच्या वेळचा तांब्याचा पैसा होता. पण त्याची एक कड कानशीनं घासून सरळ केलेली, दोन्ही बाजूंनी पातळ केलेली होती. कडेवर काजळीचा काळा थर अजून बसलेला होता. मिस्त्रींनी ते नाणं हातात घेतलं. ते स्टुलावर बसले.

"हे कुणी घासलं?"

"मालकानंच की. दुसरं कोन? म्हयनाभर वट्यावर बसून घासीत व्हते. दिव्यावर धरायचं, काळं करायचं, त्या बंदुकीत घालून बघायचं, पुन्ना घासायचं. म्या म्हनलं, मालक, ह्या वयात सोनारकी काढली का? तर म्हनले, मिस्त्रीचं बरोबर हाय दगडाबाई, आपलंच हत्यार खोटं व्हतं."

"आधी कशानं फिरवायचे?"

"आडकित्त्यानं." दगडाबाई पदराआड हसली. "शिकारबंदी झाल्यापून दर नवरात्राला तेच. घटस्थापना झाली की आडकित्त्याचं टोक घालायचं, त्ये पेच ढिलं करायचं, अन् मंग औरंगाबादची तयारी. म्या इचारलं येकदा, चांगलं हाय त्ये कशापायी बिघडिवता? तर म्हनले, कामाबिगर जावं कसं? त्यो कामाचा मानूस हाय."

मिस्त्रींनी नाण्याची घासलेली कड अंगठ्यानं चाचपली.

"मग दोन वर्सं आले का नाय?"

"निघाले व्हते की. दोन्ही साली. ह्या नान्यानं पेच ढिलं केलं, पिशवीत केळी घातली, यष्टीच्या थांब्यावर जाऊन बसले. अन् यष्टी गेल्यावर माघारी आले. म्या इचारलं तर म्हनले, मिस्त्री म्हनंल पुन्ना हात लावला. मला खोटं बोलता येत नाय अन् खरं सांगायची लाज वाटती." दगडाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "दुसऱ्या साली केळी मलाच दिली. म्हनले, खाऊन टाका, न्हाय तर काळी पडत्याल."

मिस्त्रींना तात्यासाहेबांचे लाल झालेले कान आठवले, अखबाराची घातलेली घडी आठवली. जो माणूस त्या साली, तसल्या रस्त्यानं, आपल्याला बैलगाडीत शेजारी बसवून घेऊन गेला, त्याला आपण एका पेचाच्या ओठापायी चोरासारखं उभं केलं. मेहरुन्निसा असती तर तिनं तिथल्या तिथं हात धरला असता. तिला खजुराच्या बिया काढता काढता जे कळलं ते आपल्याला नवं भिंग लावूनही दिसलं नाही. मिस्त्री रडले. दगडाबाईसमोर लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही, आणि दगडाबाई बोळाकडे बघत बसली, जसं काही तिला ऐकूच येत नव्हतं.

मुलगा आला, घड्याळाकडे बघत म्हातारीला घेऊन गेला. जीपचा आवाज शहराबाहेरच्या रस्त्यापर्यंत ऐकू येत राहिला असं मिस्त्रींना वाटलं, पण तितकं लांबचं ऐकू येणं शक्य नव्हतं.

त्यांनी रायफल पुन्हा फळीवर घेतली. नाणं खाचेत घातलं. ते तळापर्यंत गेलं आणि बसलं. मिस्त्रींनी रायफल सावकाश उलटी धरली. नाणं पडलं नाही. त्यांनी ती तशीच धरून ठेवली, हात दुखायला लागेपर्यंत. तिशीत असताना आपल्याला ह्या खाचेसाठी तीन दिवस लागले होते. ह्या माणसानं सत्तरी ओलांडल्यावर, गुडघे गेलेले असताना, नुसतं वीस वर्षं समोर बसून बघितल्याच्या जोरावर हे केलं होतं. आणि केल्यावर ते दाखवायला यायची त्याला हिंमत झाली नव्हती.

दुपारी मिस्त्रींनी पोस्टकार्ड आणलं. उर्दूतच लिहायला बसले. मराठी अक्षर त्यांचं कच्चं, आणि तात्यासाहेबांशी त्यांना उर्दूतच लिहायचं होतं. त्या घरात ते वाचणारं दुसरं कुणी नसणार, हेही एका अर्थी बरंच होतं. चार कार्डं फाडली. पाचव्यावर लिहिलं ते असं: 'तात्यासाहेब, सलाम. खैरियत. रायफल पोचली, नाणंही पोचलं. त्या दिवशी मी फार बोललो, चूक माझी होती. दोन्ही पेच ढिले झाले आहेत. माझा पेचकस आता म्हणावा तसा बसत नाही. ज्याचं हत्यार बसतं त्यानंच येऊन आवळावेत. या वेळी नवरात्राची वाट पाहू नये. मुलाला म्हणावं, काम आहे, गेल्याशिवाय भागणार नाही. केळी मी आणतो.'

पत्ता मराठीत घालून घ्यायला ते रामकिसनकडे गेले. रामकिसननं वहीतला पत्ता उतरवून घेतला आणि कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"एवढं काय लिवलंय ह्यात, मिस्त्री?"

"धंद्याचं हाय."

"धंद्याचं? मग डोळे कशानं लाल झालेत?"

"कानशीचा कीस गेला," मिस्त्री म्हणाले आणि कार्ड त्याच्या हातातून घेतलं.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीत त्यांनी ते टाकलं, पडल्याचा आवाज झाला का ते ऐकलं आणि परत आले. दुकान बंद करायची वेळ झाली होती. कपाटात ठेवायला रायफल उचलली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की, पेच तर घट्ट आहेत. सकाळी आपणच आवळलेत. दुर्बीण तसूभरही हलत नव्हती.

मिस्त्री क्षणभर रायफल हातात धरून उभे राहिले. ढिल्या पेचाची बंदूक ह्या दुकानाच्या कपाटात कधी गेली नव्हती, अब्बांच्या वेळीही नाही आणि त्यांच्या वेळीही नाही. मग त्यांनी खिशातून तांब्याचं नाणं काढलं, खाचेत नीट बसवलं आणि दोन्ही पेच अर्धा अर्धा फेरा ढिले केले. दुर्बीण हलवून पाहिली. हलत होती. त्यांनी रायफल तशीच कपाटात उभी केली आणि कुलूप लावलं.